मेंढरांची पारख आणि संगणकाची विद्या

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. गुणवंतांच्या सत्कारानंतर होणारी भाषणे श्रोत्यांना भोजनाच्या वेळेची आठवण करून देतात हे आम्ही जाणतो. म्हणून विषय एकच घेतो, आणि तोही आपल्या घरचाच. जनावरांशी संबंध असलेल्या कामांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्या, तयार करण्याचा एक व्यवसाय जगात वाढीस लागला आहे. त्या व्यवसायात आपल्या धनगर समाजाच्या मुलामुलींस जागा आहे काय, असल्यास ती कोणती, आणि तेथवर पोहोचण्यासाठी काय शिकावे लागेल, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

आपल्यात या बाबतीत दोन मते आढळतात. एक मत असे की, मुलगा संगणक शिकला म्हणजे मेंढरांमागच्या वणवणीतून एकदाचा सुटला. आता त्याने मागे वळून पाहू नये. दुसरे मत असे की, शिकलेला पोरगा वाड्यावर टिकत नाही, तेव्हा फार शिकवूच नये. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की, मेंढरांचे ज्ञान आणि पुस्तकी विद्या ही दोन वेगळ्या गावांची माणसे असून त्यांची गाठ पडणे नाही. ही समजूत आता खरी राहिलेली नाही, असे आमचे नम्र मत आहे. ते मत कशाच्या आधारावर बनले, ते क्रमाने सांगतो.

प्रथम आपल्या मेंढरापासूनच आरंभ करू. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात २०१७ साली एक आज्ञावली तयार झाली. मेंढराच्या चेहऱ्याचे छायाचित्र पाहून त्यास वेदना होत आहेत की नाहीत आणि होत असल्यास कितपत, हे ती सांगते. त्यापूर्वी पशुवैद्यकांनी मेंढराच्या वेदनेची लक्षणे ठरवून ठेवली होती. डोळे बारीक होणे, गाल आवळले जाणे, कान पुढे दुमडणे, ओठ मागे व खाली ओढले जाणे आणि नाकपुडीचा आकार बदलणे, अशी ती पाच लक्षणे होत. पशुवैद्यकांनी जमविलेली सुमारे ५०० छायाचित्रे संगणकास दाखवून ही लक्षणे त्यास शिकविण्यात आली, आणि शेकडा ८० च्या आसपास अचूकपणे तो ती ओळखू लागला.

हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले ते यंत्राचे नव्हे. ही पाच लक्षणे आपल्या वाड्यावरची दहा वर्षांची पोर जाणते! मेंढी कळपापासून बाजूस उभी राहिली, मान टाकली, कान पाडले, की आजी म्हणते, "हिला काहीतरी होतंय, बघा जरा." तिने कोणते पुस्तक वाचले? परंतु ते ज्ञान आजीजवळ राहिले आणि आजीबरोबरच गेले. केंब्रिजच्या विद्वानांनी ते लिहून काढले, मोजले आणि यंत्रात घातले. ज्ञान असणे आणि ते मांडता येणे या दोहोंमधील अंतर ते हेच. हे अंतर ज्यास ओलांडता येईल असा माणूस या व्यवसायास हवा असतो.

आता या व्यवसायाची व्याप्ती पाहू. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी आम्ही तिचे पाच भाग करतो.

पहिला भाग ओळख आणि नोंद यांचा. आपल्या देशात पशुगणना १९१९ सालापासून होत आली आहे. २०१९ सालच्या विसाव्या गणनेत देशातील एकूण पशुधन ५३ कोटी ५७ लाखांहून अधिक भरले. त्यात मेंढ्या सुमारे ७ कोटी ४२ लाख व शेळ्या सुमारे १४ कोटी ८८ लाख होत्या. याच गणनेत कागदाच्या तक्त्यांऐवजी हातातील टॅबलेटवर माहिती भरली गेली. गाईम्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला आपण पाहतो, त्यावर बारा अंकांचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली जनावराचे वय, जात, लसीकरण, रेतन व उपचार यांची नोंद ‘भारत पशुधन’ या देशव्यापी संगणक-प्रणालीत होते. ही प्रणाली केंद्र शासनाचे पशुसंवर्धन खाते आणि आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी उभी केली. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी हा बिल्ला आवश्यक ठरविला. एवढ्या कोट्यवधी नोंदी ठेवावयाच्या, त्या शोधावयाच्या, त्यांतील चुका काढावयाच्या, म्हणजे आज्ञावल्या लिहिणारे, त्या तपासणारे व खेड्यापाड्यांत त्या वापरावयास शिकविणारे लोक लागणारच.

दुसरा भाग रोगराईचा. बंगळुरास भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे. जनावरांतील साथींचा अभ्यास आणि रोगांच्या माहितीचे संकलन हेच तिचे कार्य. मागील अनेक वर्षांच्या साथी, पाऊस, उष्णता, जनावरांची संख्या यांचा संगणकाने मेळ घालून कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग उद्भवण्याचा संभव आहे, याची सूचना ही संस्था दोन महिने आधी प्रसिद्ध करते. आपल्या वाड्यावर आंत्रविषाराने किंवा मेंढ्यांच्या देवीने एका आठवड्यात काय होते, हे येथे कोणास सांगणे न लगे. लस वेळेवर टोचली तर कळप वाचतो, उशीर झाला तर माणूस दहा वर्षे मागे जातो. दोन महिने आधी मिळालेल्या सूचनेचे मोल आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळणार? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातही ‘व्हेटकंपास’ नावाचे कार्य चालते. हजारो पशुदवाखान्यांतील नोंदी मालकांची नावे वगळून एकत्र केल्या जातात, व कोणत्या जातीच्या कुत्र्यामांजरास कोणता विकार अधिक होतो, हे त्यांवरून काढले जाते. दवाखान्यांच्या नोंदी, औषधांचा साठा, पावत्या यांच्या आज्ञावल्या हा तर परदेशांत एक स्वतंत्र व्यापारच झाला आहे.

तिसरा भाग पैदाशीचा. मेंढा निवडताना आपण त्याची उंची, छाती, चाल आणि आईचे दूध पाहतो. परंतु एका कळपातील कोकरे थोराड निघाली ती मेंढ्याच्या रक्तामुळे की त्या वर्षीच्या चांगल्या चाऱ्यामुळे, हा प्रश्न केवळ डोळ्यांनी सुटत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स हेंडरसन यांनी यासाठी गणिताची एक रीत बसविली. वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेल्या संततीच्या व सर्व नातेवाइकांच्या नोंदी एकत्र घेऊन चाऱ्याचा व जागेचा परिणाम बाजूस काढावयाचा आणि रक्ताचा गुण तेवढा वेगळा करावयाचा, हे तिचे सार. हजारो जनावरांची अशी समीकरणे हाताने सोडविणे अशक्य. ते काम संगणकच करतो. आज जगातील वळूंची व मेंढ्यांची निवड बहुतांशी याच मार्गाने होते.

याचे एक उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचे आहे. फलटणची निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गारोळ नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत जुळी होण्याचा गुण आहे, आणि तो एका विशिष्ट जनुकामुळे येतो. या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून तो गुण दख्खनी मेंढीत आणला व तिचा बांधा मात्र दख्खनीच राखला. हीच ‘नारी सुवर्णा’ मेंढी होय. कोणत्या कोकरात तो जनुक उतरला हे रक्ताच्या थेंबांवरून प्रयोगशाळेत कळते. परंतु कोणती मेंढी कोणाची लेक, केव्हा व्याली, किती कोकरे जगली, त्यांची वजने किती, ही वही बिनचूक असल्यावाचून प्रयोगशाळेचा निकाल व्यर्थ. ती वही ठेवणे व तिचा अर्थ लावणे हेच आजच्या भाषेत माहितीशास्त्राचे काम.

चौथा भाग दूध व गोठा यांचा. दुधाच्या उत्पादनात भारत १९९८ सालापासून जगात अग्रभागी आहे. संकलन केंद्रावर दूध ओतताच वजन, स्निग्धांश व रक्कम यांची चिठ्ठी यंत्रातून बाहेर पडते. त्या चिठ्ठीमागे कोणीतरी लिहिलेली आज्ञावली असते. हॉलंडमध्ये १९९२ साली माणसाच्या हाताशिवाय धारा काढणारे यंत्र गोठ्यात बसले. गाय आपल्या पायांनी यंत्रापाशी येते, गळ्यातील पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखते, व आज तिची धार काढावयाची की नाही हे ठरविते. माजावर आलेली गाय नेहमीपेक्षा अधिक फिरते. म्हणून पायात किंवा गळ्यात चाल मोजणारे साधन बांधून माजाची वेळ कळविणाऱ्या आज्ञावल्याही निघाल्या आहेत. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ संस्था स्थापन करून कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारी नेले. त्या कामात माज हेरण्यास किती महत्त्व आहे, हे गोठा असलेल्या कोणासही विचारावे.

पाचवा भाग वन्य प्राण्यांचा. २०१८ सालच्या व्याघ्रगणनेत देशभरच्या रानांत लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती. एवढ्या ढिगाऱ्यातून वाघ वेगळे काढावयाचे आणि पट्ट्यांवरून हा वाघ कालचाच की दुसरा हे ठरवावयाचे, हे काम आज्ञावल्यांच्या साहाय्याने झाले, आणि देशात २,९६७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये ‘प्रथमा’ नावाच्या कासवीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिचा समुद्रातील मार्ग संगणकावर पाहण्यात आला. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा अनेक कामांत अग्रेसर आहे.

श्रोतेहो, ही यादी ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, हे सारे मोठ्या विद्वानांचे खेळ, आमच्या पोरांचा येथे काय पाड?" त्यास उत्तर म्हणून एक हकीकत सांगतो. समुद्रातील सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात व प्रत्येक माशाचे ठिपके निराळे असतात. जेसन होमबर्ग नावाच्या एका संगणक-आज्ञावलीकारास हे ठिपके यंत्राने जुळवावेत असे वाटले, पण रीत सापडेना. त्याच्या ओळखीच्या एका खगोलशास्त्रज्ञाने सुचविले की, आकाशाच्या दोन छायाचित्रांतील तारे जुळविण्याची एक गणितरीत १९८६ सालीच प्रसिद्ध झालेली आहे. तीच येथे लावून पाहावी. ऑस्ट्रेलियातील ब्रॅड नॉर्मन या सागरी जीवशास्त्रज्ञाने आपली छायाचित्रे दिली. तिघांनी मिळून २००५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, व पुढे जगभरच्या पाणबुड्यांनी काढलेल्या छायाचित्रांतून एकेक मासा नावानिशी ओळखू येऊ लागला. यांत मर्म काय? आज्ञावली लिहिणारा होता, गणित जाणणारा होता, आणि मासा जाणणारा होता. तिसरा नसता तर पहिल्या दोघांची विद्या कोरडीच राहिली असती. आज्ञावली लिहिणारे तरुण आज पुण्याबंगळुरात पुष्कळ आहेत. जनावर जाणणारे त्यांच्यात थोडे आहेत. आपल्या मुलाजवळ घरचे जे आहे ते या थोड्यांपैकी आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तेथेच खरी जोखीम आहे. जनावर न जाणणाऱ्याच्या हाती यंत्र गेले म्हणजे काय होऊ शकते, हे इंग्लंडात २००१ साली दिसले. त्या वर्षी तेथे लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. संगणकावर मांडलेल्या साथीच्या गणितांचा आधार घेऊन, रोग झालेल्या शेतालगतच्या शेतांवरील जनावरेही मारावीत असे धोरण ठरले. एकंदर ६० लाखांहून अधिक जनावरे त्या साथीत मारली गेली. त्यांत बहुसंख्य मेंढरे होती. शेतावर काम करणाऱ्या अनेक पशुवैद्यांनी तेव्हा आणि नंतरही आक्षेप घेतला की, गणितात धरलेली गृहीते प्रत्यक्ष शेतावरील परिस्थितीशी जुळत नव्हती, व निरोगी जनावरे विनाकारण बळी गेली. गणितात एक आकडा चुकीचा धरला तर वहीवर तांबडी खूण होते. येथे त्या आकड्याखाली कळपच्या कळप गेले.

आपल्यापुरते बोलावयाचे तर, एक साधा प्रश्न विचारतो. संगणकावरील नोंदीच्या तक्त्यात ‘पशुपालकाचे गाव’ असा एक रकाना असतो. तक्ता करणारा शहरातला. त्याच्या मनात जनावर म्हणजे गोठ्यातले, आणि मालक म्हणजे एका घरात राहणारा. आपले वाडे दिवाळीनंतर माण, खटाव, फलटण, बारामती सोडून दूर चालू लागतात. काही घाट उतरून कोकणात जातात. आज या शिवारात शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवितात, परवा पुढच्या. त्यांचे गाव कोणते लिहावयाचे? रकाना एकच असेल तर गणनेच्या दिवशी गावी मेंढरू नाही, आणि जेथे मेंढरू आहे तेथे मालक परगावचा! जे नोंदीत नाही त्याला लस कशी पोहोचावी, नुकसानभरपाई कशी मिळावी, चराऊ रानाचा हक्क कोणत्या आकड्यावर मागावा? ऑक्टोबर २०२४ मध्ये आरंभ झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची व त्यांच्या जनावरांची माहिती प्रथमच स्वतंत्रपणे घेण्याचे ठरले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पहिली गणना १९१९ ची आणि हा विचार २०२४ चा, यामध्ये शंभरावर वर्षे गेली! तक्ता आखणाऱ्यांच्या मेजापाशी वाड्यावर वाढलेला एखादा मुलगा बसला असता, तर त्याने पहिल्याच दिवशी म्हटले असते, "साहेब, येथे दोन रकाने ठेवा, एक मूळ गावाचा आणि एक आजच्या मुक्कामाचा." एवढे एक वाक्य बोलण्यासाठी आपली मुले त्या मेजापाशी पोहोचली पाहिजेत, हेच आमच्या आजच्या बोलण्याचे तात्पर्य होय.

आता विद्यार्थ्यांनी काय शिकावे ते थोडक्यात सांगतो. मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग पशुवैद्यकाकडून संगणकाकडे येण्याचा. बारावीला जीवशास्त्र घेऊन नीट परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यक पदवीस प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथे आहेत. त्यानंतर पैदासशास्त्र, साथरोगशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांपैकी एखादा विषय घेऊन त्याच्या जोडीस संगणकाची भाषा शिकावी. दुसरा मार्ग संगणकाकडून जनावरांकडे येण्याचा. संगणक अभियांत्रिकी, विज्ञान शाखेतील संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांची पदवी घ्यावी, आणि पुढे पशुविषयक संस्थेत काम पाहावे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषि सांख्यिकी संशोधन संस्थेत कृषि-सांख्यिकी, संगणक-उपयोजन व जैवमाहितीशास्त्र यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था व राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो, राजस्थानातील अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, ही नावेही विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावीत.

संगणकाच्या भाषा अनेक आहेत. सर्वांच्या मागे धावू नये. पायथॉन नीट यावी. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही भाषा उपयोगी पडते. नोंदींच्या कोठारातून माहिती काढण्यास एसक्यूएल लागते. या तिन्हींची साधने फुकट मिळतात. नकाशावर माहिती मांडण्याची ‘क्यूजीआयएस’ ही आज्ञावलीही विनामूल्य असून भटक्या कळपांच्या कामी तिचा उपयोग फार. गणिताची भीती मात्र टाकावीच लागेल. विशेषतः सरासरी, संभाव्यता आणि नमुना-निवड हे धडे पक्के हवेत. इंग्रजी वाचून समजेल एवढी असावी. बोलण्याची सफाई मागाहून येते.

आणि येथे पालकांस एक स्पष्ट इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. या क्षेत्रातील जागा अगणित नाहीत. शासकीय संस्थांत पदे थोडी; पुष्कळ कामे ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांतील असतात; खासगी कंपन्या बहुधा लहान व नव्या, त्यांपैकी काही बंदही पडतात. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम असा पाया घालावा की, बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात, कोठेही त्याच्या संगणकविद्येस काम मिळेल. जनावरांचे ज्ञान ही त्यावरची विशेष योग्यता समजावी. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने शहरातील एका क्लासच्या ‘सहा महिन्यांत नोकरीची हमी’ या जाहिरातीवर विसंबून पन्नास मेंढ्या विकल्या. सहा महिन्यांनी हातात प्रमाणपत्र आले, नोकरी आली नाही आणि मेंढ्याही परत आल्या नाहीत. हमी देणाऱ्यास हमी लेखी मागावी, पूर्वी शिकून गेलेल्या दहा मुलांची चौकशी करावी, आणि पहिल्याच वर्षी कळप मोडू नये. जी विद्या घरच्या मोबाइलवर आणि गावच्या वाचनालयात फुकट आरंभता येते, तिच्यासाठी आरंभीच भांडवल घालण्याचे कारण नाही. सहा महिने मन लागते की नाही ते पाहावे, मग खर्चाचे बोलावे.

विद्यार्थ्यांस आम्ही एक स्वाध्याय देतो. शिक्षकाची ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. येत्या सुट्टीत आपल्या किंवा नातलगांच्या कळपातील वीस मेंढ्या निवडाव्यात. प्रत्येकीस क्रमांक द्यावा. रंग, वय, व्यायल्याची तारीख, कोकरांची संख्या, जन्माचे व तीन महिन्यांचे वजन, लस, आजार, मुक्कामाचे गाव, असे रकाने आखून रोज संध्याकाळी नोंद करावी. वडिलांना व आजीला विचारावे की, ही मेंढी चांगली व ती वाईट असे आपण कशावरून म्हणता? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. सुट्टी संपल्यावर तो तक्ता संगणकावर उतरवावा आणि त्यास दोन प्रश्न विचारावेत: जुळी कोकरे कोणत्या मेंढ्यांस झाली, आणि तीन महिन्यांत सर्वाधिक वजन कोणाचे वाढले? ज्या मुलाने हे मनापासून केले, त्याने या विद्येचा श्रीगणेशा केला असे समजावे. उद्या मुलाखतीत कोणी विचारले, "तुम्ही आजवर काय केले?" तर त्याच्यापाशी दाखविण्यास प्रमाणपत्रापेक्षा खरी वस्तू असेल.

मुलींविषयी वेगळे बोलण्याची वेळ यावी हे दुःखाचे आहे, तरी बोलले पाहिजे. आजारी कोकरू चुलीपाशी घेऊन जगविणारी, दूध न पाजणाऱ्या मेंढीस वळविणारी, आपल्या वाड्यावर बहुधा बाईच असते. तेव्हा या क्षेत्रास लागणारी पारख तिच्याजवळ अधिक आहे, कमी नाही. संगणकाचे काम गावी बसूनही पुष्कळसे करता येते. मुलीस दहावीनंतर घरी बसविणे म्हणजे घरातील सर्वांत अनुभवी माणसास शाळेबाहेर ठेवण्यासारखे आहे.

शेवटी संस्थेस दोन विनंत्या. शिष्यवृत्त्या देताना पशुवैद्यक, संख्याशास्त्र व जैवमाहितीशास्त्र शिकणाऱ्यांसाठी दरवर्षी एक तरी शिष्यवृत्ती राखून ठेवावी. आणि आपल्या वसतिगृहातील मुलांस वर्षातून एकदा फलटण, उरुळी कांचन किंवा शिरवळ येथील कार्य दाखवून आणावे. चार भिंतींत सांगितलेले दहा तास एका अशा भेटीची बरोबरी करू शकत नाहीत.

मेंढरांमागे चालणाऱ्या आपल्या वाडवडिलांस लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांस अज्ञानी म्हणण्याची चाल पडली. ते अज्ञानी नव्हते. त्यांचे ज्ञान कागदावर नव्हते, एवढेच. ते कागदावर आणि कागदावरून संगणकात उतरविण्याचे काम या पिढीच्या वाट्यास आले आहे. हे काम परक्याने केले तर ते अर्धे होईल, आणि आपण केले तर आपल्या मेंढरांच्याही उपयोगी पडेल. सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी जरी ही गोष्ट मनावर घेतली, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.